बाई, तुमच्या एका प्रश्नाचं खरं उत्तर

बाई, तुमच्या शोकसभेत मी बोललो नाही. वक्त्यांच्या यादीत माझं नाव शेवटी होतं. तुमचा विद्यार्थी, मग तुमचा सहकारी, आता तुमच्या खुर्चीवर बसणारा, म्हणून समारोप माझ्याकडे. मी माईकपर्यंत गेलो, कागद उघडला, परत त्याची घडी घातली आणि "मला क्षमा करा" एवढंच म्हणून खाली येऊन बसलो. दुसऱ्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "गहिवरून आलं बिचाऱ्याला." तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "गहिवर जरा लवकर आटपा, सभागृह पाचपर्यंतच मिळालंय."

तो गहिवर नव्हता. काय होतं ते तुम्हाला सांगायचंय. तुम्ही जाऊन आज अकरा दिवस झाले. तुम्ही होतात तेव्हा सांगायला मला अठरा वर्षं मिळाली होती.

तुमचा पहिला तास मला आठवतो. बाजार नुकता खुला झाला होता. घराघरांत नवी चॅनेलं आली होती, रस्त्यावर नव्या गाड्या दिसायला लागल्या होत्या आणि विद्यापीठानं 'उद्योजकता आणि लघुउद्योग व्यवस्थापन' असं लांबलचक नाव देऊन एक पदविका सुरू केली होती. वर्गात आम्ही चौदा जण. कुणीतरी "गुड मॉर्निंग मॅडम" म्हणालं. तुम्ही पर्स टेबलावर ठेवलीत आणि म्हणालात, "मॅडम कपड्यांच्या दुकानात असतात. मी शिकवते. मला बाई म्हणा." मग जोशी नावाच्या एका मुलानं प्रवेशाच्या अर्जासोबत दिलेलं जाडजूड टिपण तुम्ही हातात तोलून बघितलंत. "वजन चांगलं आहे. आत काही लिहिलंय का?"

मी येरवड्याहून दोन बस बदलून यायचो. घरात पदवीपर्यंत पोचलेला पहिला. माझ्या वडिलांना, आबांना, वाटायचं की हा कोर्स म्हणजे सरकारी नोकरीची जाहिरात निघेपर्यंतचा वेळ काढणं. मलाही तसंच वाटत होतं. पण तुम्ही आम्हाला पंधरा दिवस बाहेर पिटाळलंत. एखादा लहान धंदा निवडायचा, शटर उघडल्यापासून पडेपर्यंत तिथं उभं राहायचं, मध्ये बोलायचं नाही, आणि शेवटी एकाच प्रश्नाचं उत्तर लिहून आणायचं: हा धंदा उद्या का उघडेल?

मी पत्र्याचे वॉशर पाडणारी एक शेड निवडली. पॉवर प्रेसवर पट्टी सरकवायची, पायानं पेडल दाबायचं, वरचा दट्ट्या खाली येतो, ठक् करून वॉशर पडतो. मला त्याचं वेड लागलं. चार पानं लिहून आणली. तुम्ही समासात तुमच्या बारीक अक्षरात लिहिलंत, "तुला हे आवडलंय. मग लिहीत काय बसलास?"

तो कागद आबांनी वाचला, आणि पुढच्या रविवारी ते पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून मला घेऊन कर्वेनगरला तुमच्या घरी आले. सरकारी कचेरीत शिपाई म्हणून लागलेले आणि कारकून म्हणून निवृत्तीला आलेले आबा तुमच्या वेताच्या खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते.

"बाई," ते म्हणाले, "आमच्या घरात महिन्याच्या महिन्याला पगार आणणारा मी पहिला माणूस. हा दुसरा व्हायला पाहिजे."

तुम्ही म्हणालात, "आणि पगार देणारा पहिला झाला तर?"

आबांनी बशीत चहा ओतला. बराच वेळ फुंकर घातली. परतीच्या बसमध्ये मात्र म्हणाले, "बाई हुशार आहेत. मनानं चांगल्या आहेत. पण त्यांना पडायला जागा आहे. आपल्याला नाही."

मी तुमचं ऐकलं. त्या वयात तुमचं वाक्य ऐकून कुणीही तुमचंच ऐकलं असतं. त्या काळात तुम्ही वर्गात एक गोष्ट नेहमी सांगायचात आणि ती सांगताना, खरं सांगतो, तुमची नजर माझ्यावर थांबायची. "आता जो बाजार येतोय ना, तो तुमची जात विचारणार नाही. तारीख विचारेल. दिलेली तारीख पाळा. बाकी सगळं मागून येतं."

त्या वाक्यावरून आपलं पुढं किती भांडण झालं! मांजरी गावात एका शेतकऱ्याची शेड मी भाड्यानं घेतली. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला नव्या इमारतीचे खांब वर यायला लागलेले. जुन्या दोन प्रेस आणल्या. पहिली ऑर्डर मागायला एका मोठ्या कारखान्यात गेलो तर खरेदी अधिकाऱ्यानं माल हातात घ्यायच्या आधी विचारलं, "राहायला कुठे? येरवडा का. आडनाव काय म्हणालात?" मी तिथून थेट विभागात आलो आणि तुम्हाला म्हणालो, "बाई, विचारतात. आधी आडनाव विचारतात, मग तारीख."

"पण ऑर्डर दिली ना?"

"दिली. लहानशी."

"मग तारीख पाळ."

मला तुमचा राग आला होता. खूप वर्षांनी, विभागात आपण दोघंच चहा घेत असताना, तुम्ही अचानक म्हणालात, "त्या दिवशी तू सांगत होतास आणि मी ऐकून घेतलं नाही. मला वाटायचं, मी बाजाराला चांगलं म्हटलं की तो चांगला वागेल. पण मिलिंद..." तेवढ्यात परीक्षा विभागाचा माणूस सह्या घ्यायला आला. त्या 'पण'च्या पुढं काय होतं ते मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर गोष्ट शेडवर आली असती, आणि शेडपासून मी लांब पळत होतो.

शेडमध्ये कामाला आलेली पहिली व्यक्ती म्हणजे कमलताई. मांजरीचीच सून, तिशीही न ओलांडलेली. नवरा गेलेला, चार वर्षांची सुजाता पदरात. सासरचे म्हणायचे, बाईमाणसानं शेतात जावं, मशीनवर काय बसायचं? ती बसली. महिन्याभरात तिचा हात माझ्यापेक्षा चांगला बसला. तुम्ही शेड बघायला आलात तेव्हा मशीनबद्दल काही विचारायच्या आधी तिला नाव विचारलंत. ती लाजून म्हणाली, "कमल." "पूर्ण नाव?" तिनं नवऱ्याचं नाव घेऊन पूर्ण नाव सांगितलं आणि नंतर दिवसभर मला सांगत राहिली, "भाऊ, बाईंनी माझं नाव लिवून घेतलं."

आता ते सांगतो, जे तुम्हाला सांगितलं नाही.

पहिली मोठी ऑर्डर होती. माल शुक्रवारी पोचवायचा होता. बुधवारी दुपारी कमलताई सुजाताला बालवाडीतून आणायला गेली, तेवढ्या वेळात मी तिच्या प्रेसवर बसलो. एकदा पेडल दाबलं आणि दट्ट्या दोनदा खाली आला. ठक्, ठक्. मला वाटलं, माझाच पाय लागला असेल. म्हणून पुढच्या खेपेपासून दाबून झालं की पाय पार उचलून बाकाखाली घेत होतो. पंधरा-वीस वॉशर नीट पडले. मग पुन्हा. पाय बाकाखाली होता बाई, पेडलजवळही नव्हता, आणि दट्ट्या आपोआप दुसऱ्यांदा खाली आला.

मला कळलं. आतली चावी झिजली की प्रेस डबल पडते, हे त्या पंधरा दिवसांतच त्या जुन्या शेडमालकानं मला सांगितलं होतं. म्हणाला होता, अशी प्रेस त्या क्षणी बंद करायची, मिस्त्री येईपर्यंत हात लावायचा नाही. मिस्त्री शनिवारी येणार होता.

मी दाराशी जाऊन उभा राहिलो. ऊस वाऱ्यानं हलत होता. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, असं मी ठरवलं. कमलताई लेकीचं बोट धरून परत आली, हात धुऊन प्रेसवर बसली, आणि मी तिला काही बोललो नाही. विसरलो नव्हतो. सांगितलं असतं तर तिनं प्रेस सावकाश चालवली असती, किंवा चालवलीच नसती. मला ती सावकाश नको होती.

गुरुवारी दुपारी मी बाहेर खोकी बांधत होतो. आतून आवाज आला. ठक्, ठक्. ती ओरडली नाही. ओरडली ती सुजाता.

उजव्या हाताची चार बोटं. अंगठा तेवढा राहिला. शेतकऱ्याच्या टेम्पोतून तिला नेताना सुजाता माझ्या मांडीवर होती आणि मला एकसारखं विचारत होती, "आईनी काय केलं?"

चौकशीला सरकारी साहेब आले. त्यांनी विचारलं, कसं झालं? मी म्हणालो, "पेडलवर परत पाय पडला असावा." तोंडी मी 'असावा' म्हणालो होतो. लेखी जबाबात 'पडला' झालं, आणि मी खाली सही केली. तोच जबाब कमलताईला तिच्या खाटेशी वाचून दाखवला. तिनं छताकडं बघत ऐकला. म्हणाली, "असंल. दमल्ते मी त्या दिवशी." डाव्या हाताचा अंगठा उठवला.

त्याच संध्याकाळी तुम्ही आलात. इस्पितळाच्या व्हरांड्यात, फिनेलच्या वासात, तुम्ही माझ्यासमोर उभ्या राहिलात. तुमच्या विद्यार्थ्यांनी दरवर्षी आणलेले शेडचे अहवाल तुम्ही शब्दन्‌शब्द वाचले होते, त्यामुळे काय विचारायचं ते तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही माझ्या डोळ्यांकडं नव्हे, हातांकडं बघत विचारलंत, "मिलिंद, प्रेस याआधी कधी डबल पडली होती का?"

"नाही."

"नक्की?"

"नाही, बाई."

"बरं," तुम्ही म्हणालात, आणि आत कमलताईकडं गेलात.

तो 'बरं' मी अठरा वर्षं ऐकतोय. दार वाऱ्यानं दोनदा आपटलं की ऐकतो. वर्गात एखाद्या मुलानं बाकावर पेन दोनदा आपटलं की वाक्य तुटतं माझं. मुलं समजतात, सर विचार करतायत.

शेड सहा महिन्यांत बंद केली. मग एक दिवस तुमचं पोस्टकार्ड आलं, "सोमवारी अकरा वाजता विभागात ये." आलो तर म्हणालात, "आठवड्याला चार तास घे. पडलेल्या माणसाला पडण्याबद्दल शिकवता आलं पाहिजे." मला वाटलं, ही दया आहे. पुढं वाटायला लागलं, ही शिक्षा आहे. नंतर नंतर तर कळेनासंच झालं.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. ते तारखेचं वाक्य तुम्ही पुन्हा कधीच वर्गात म्हणाला नाहीत. नंतरच्या मुलांना ते माहीतसुद्धा नाही. आणि पंधरा दिवसांचा नियम बदललात. आता मालकाशेजारी उभं राहायचं नाही, कामगाराशेजारी राहायचं. अहवालाच्या पहिल्या पानावर धंद्याचं नाव नंतर, आधी त्या कामगाराचं पूर्ण नाव. मुलं कुरकुरायची. पुढं आयटीचे दिवस आले, तेव्हा तर हसायला लागली. एकजण म्हणाला, "बाई, आमच्या कंपनीत मशीनच नाहीये. फक्त लॅपटॉप." तुम्ही म्हणालात, "मग कुणाची पाठ दुखते तेवढं शोधून या. त्याचं नाव लिहा."

मी तुमच्याशी भांडलो होतो त्यावरून. अभ्यासक्रम बदला म्हणत होतो. सगळी पोरं हिंजवडीकडं चाललीत, त्यांना गुंतवणूकदारासमोर बोलायला शिकवू या, ही शेड न् गिरण्या आता पुरे. "जग बदललंय, बाई," मी जरा चढ्या आवाजातच म्हणालो. तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "जग बदललंय की तुला शेडमधून बाहेर पडायचंय?"

मी दार आपटून गेलो. आठवडाभर आपण बोललो नाही. तुम्ही बरोबर होतात.

दरवर्षी कामगारांच्या सुरक्षिततेचा एक तास असायचा. मी पुस्तकातून घ्यायचो, चाळीस मिनिटांत. एकदा तुम्ही न सांगता मागच्या बाकावर येऊन बसलात. तास संपल्यावर जिन्यात म्हणालात, "छान झाला. कुणाच्याही प्रेसबद्दल असू शकेल असं बोललास."

शेवटची भेट गेल्या महिन्यातली. तुमच्या भाचीनं, अनघानं, दार उघडलं. तुम्ही पलंगावर इतक्या लहान दिसत होतात की मी आधी रिकाम्या खुर्चीकडं बघितलं. विभागाच्या चार गोष्टी झाल्या. मग तुम्ही विचारलंत, "वर्गात प्रेसचं सांगतोस का रे?"

"सुरक्षिततेचं प्रकरण घेतो ना, बाई."

"प्रकरण नाही. प्रेसचं."

"पुढच्या सत्रात सांगतो."

"बरं."

खाली येऊन मी गाडीला किल्ली लावली आणि तसाच उभा राहिलो. परत वर जायचं, पलंगाशी बसायचं, एक वाक्य बोलायचं. जिना दोन मजल्यांचा होता. माझी तीन वाजता बैठक होती. मी बैठकीला गेलो.

तुम्हाला माहीत होतं का, बाई? मी तुमचं प्रत्येक वाक्य उलटून सुलटून बघितलं. कधी वाटतं, व्हरांड्यातच कळलं होतं. कधी वाटतं, माझी भीतीच तुमच्या तोंडी हे शब्द घालतेय. आता विचारायला तुम्ही नाही, आणि मी सोडून कुणाला माहीतही नाही.

म्हणजे, शनिवारपर्यंत नव्हतं.

शनिवारी शोकसभेत कमलताई आली. मी तिला आधी ओळखलंच नाही. केस पांढरे, उजवा हात पदराखाली. बरोबर सुजाता, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच, कामावरूनच आलेली. वक्ते बोलत होते, आणि मध्येच कमलताईनं डावा हात वर केला. शाळेतल्या मुलीसारखा. "मी बोलू का?"

तिला माईकची सवय नव्हती. फार जवळ जाऊन बोलली.

"केतकर बाई माझ्या घरी यायच्या. वर्सातनं चार-पाच बारी. माझ्या सुजीचं इंग्लिश घ्यायच्या. जेवून जायच्या, पिठलं-भाकरी. मी म्हनायची, बाई, तुमचा काय संबंध हाय? चूक तर माझी. पाय माझा पडला मशीनवर. मालकांची काय चूक न्हाई, तुमची तर न्हाईच न्हाई. तर बाई म्हनायच्या, कमल, तसं म्हणू नकोस. दर बारीला हेच. तसं म्हणू नकोस. पन खरं ते खरं, मानसानं आपली चूक आपुन मानावी." तिनं तुमच्या फोटोला हात जोडले. डाव्या पंजावर उजव्या हाताचा तो आखूड पंजा.

तुम्ही तिच्याकडं जात होतात हे मला माहीत नव्हतं. अठरा वर्षं. मी दिवाळीला कुणाच्या तरी हाती फराळ पाठवायचो आणि वर्षभर मोकळा व्हायचो.

लगेच माझं नाव पुकारलं. म्हणून मी बोललो नाही, बाई.

रविवारी दुपारी मी मांजरीला गेलो. ऊस होता तिथं आता इमारतींच्या रांगा आहेत. कमलताई दुसऱ्या मजल्यावर राहते. सुजातानं दार उघडलं. कमलताईनं "भाऊ, तुम्ही? या या" म्हणत सतरंजी झटकली, एका हातानं चहा ठेवला. मी म्हणालो, चहा नको, आधी बसा. ती बसली नाही. मग मी उभ्यानंच सांगितलं. बुधवारची दुपार. पाय बाकाखाली होता. दोनदा पडली. मला माहीत होतं.

सुजातानं गॅस बंद केला.

"तुला म्हाईत हुतं?" कमलताई म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती मला 'तू' म्हणाली.

"हो."

"आदल्या दिशी?"

"हो."

"आन मला बसीवलंस."

मी मान हलवली. ती भिंतीला टेकली आणि हळूहळू खाली बसली. बराच वेळ आपल्या पावलांकडं बघत राहिली. उजवं पाऊल तिनं डाव्या हातानं जवळ ओढलं.

"शेतात साप दिसला तर मानूस वैऱ्यालाबी सांगतो," ती म्हणाली.

तिचा हात पावलावरच होता.

"सुजी ल्हान असताना मी तिला कडेवर घेऊन जिना उतरले न्हाई कधी. म्हनायची, ह्यो पाय आपला ऐकत न्हाई. आपल्याला न कळता पडतो. तिला पाठीमागं ठिवायची आन एकेक पायरी बसून उतरायची. लोकं हसायची. सासू म्हनायची, पाय आवरंना आन चालली मशीन चालवायला."

सुजाता स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी होती. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "आई अजून जिना उतरताना उजव्या पायाकडं बघते. मला वाटायचं, गुडघा दुखतो."

मी त्या दोघींची क्षमा मागितली नाही. तयारी करून गेलो होतो, पण त्या खोलीत ते शब्द मलाच काहीतरी मागणारे वाटले.

"जा तू आता," कमलताई म्हणाली. "मी रागावले न्हाई असं समजू नगंस."

सुजातानं दार लावलं. आपटलं नाही, नीट लावलं.

सोमवारी पहिल्या तासाला मी वर्गात प्रेसचं सांगितलं. फळ्यावर काही लिहिलं नाही. सगळं सांगितलं, जबाब आणि सहीसकट. साठ मुलं, एकाचाही फोन वाजला नाही. शेवटी म्हणालो, काही विचारायचं असेल तर विचारा. खिडकीकडच्या एका मुलीनं हात वर केला.

"सर, ऑर्डर वेळेवर गेली का?"

"गेली," मी म्हणालो. "दुसऱ्या प्रेसवर मी स्वतः बसलो. शुक्रवारी माल पोचला. तारीख पाळली."

तिनं ते वहीत लिहून घेतलं, की नुसती मान खाली घातली, ते मला दिसलं नाही.

बाई, मी तुमच्यावर रागावलोही आहे, हे आज लिहून टाकतो. तुम्ही ते वाक्य आम्हाला शिकवलंत म्हणून, आणि मग माझ्या 'नाही'वर 'बरं' म्हणालात म्हणून. एकदा माझा खांदा धरून गदागदा हलवलं असतंत तर कमलताई अठरा वर्षं पायरी-पायरीवर पायाकडं बघत उतरली नसती. आणि त्याच वेळी मला कळतंय की माझी न मानलेली चूक तुम्ही एकट्या, बसनं, कर्वेनगर ते मांजरी, वर्षातून चार-पाचदा तिच्या दारी घेऊन जात होतात. माझ्याऐवजी 'तसं म्हणू नकोस' म्हणत होतात. याबद्दल तुमचे आभार कसे मानायचे ते मला कळत नाही. आभार मानायला लागलो की राग येतो, रागावलो की तुमचं ते पोस्टकार्ड आठवतं.

आज सकाळी सुजाताचा फोन आला. आवाज कोरडा होता.

"सर, तुम्ही सध्या तरी आमच्याकडे येऊ नका. एवढंच सांगायला फोन केलाय. आणि आईचं सांगते. ती रविवारपासून सगळ्यांना फोन करतेय. मावशीला केला, मामाला केला, आजीला गावी केला. तुमच्या शेडवर तिच्याबरोबर एक बाई होत्या, त्यांचा नंबर कुठून तरी मिळवला. 'कशी आहेस' वगैरे काही नाही, फोन उचलला की एकच वाक्य सांगते आणि ठेवून देते."

मग तिनं कालचं सांगितलं.

"काल तिनं केतकर बाईंचा नंबर लावला. मी म्हटलं, आई, अगं बाई नाहीत. तिनं ऐकलं नाही. फोन त्यांच्या भाचीनं उचलला. ती काही बोलायच्या आत आई म्हणाली, 'बाईंना सांगा, माझा पाय पडला नव्हता.'"